उपशाची रेघ

ही हकिगत २०३९ सालातली. त्या वर्षी शहाद्याच्या आसपास पपई उदंड पिकली, बसस्टँडमागच्या डायलिसिस केंद्रात नवी मशीनं आली आणि द्वारकाबाई बागूल यांनी वयाच्या सत्तराव्या वर्षी एक आकडा खरा सांगितला. पपई आणि मशीनं गावात अजून पुष्कळांना आठवतात. तिसरी गोष्ट चार-दोन माणसांनाच ठाऊक आहे.

द्वारकाबाईंची चाळीस वर्षं अंगणवाडीत गेली. शहाद्यापासून सहा किलोमीटरवरच्या एका खेड्यात त्या सेविका होत्या. निवृत्त झाल्या, मागोमाग नवरा गेला. मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला होता तो तिकडचाच झाला. मग रक्तदाबानं दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली. तेव्हापासून शहाद्यात दोन खोल्या घेऊन त्या एकट्या राहत, कारण मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी आठला केंद्रात हजर व्हावं लागे.

जुनं मशीन एकमार्गी होतं. दोन दिवसांत अंगात साठलेलं अडीच लिटर पाणी चार तासांत काढायचं, तर पहिल्या मिनिटाला जो जोर तोच शेवटच्या मिनिटाला. तिसरा तास लागला की द्वारकाबाईंच्या पोटरीत गोळा येई. नसीम पिंजारी ही तिथली तंत्रज्ञ, चाळिशीची, दोन मुलींची आई. ती हातातलं काम टाकून येई आणि तळपाय उलटा दाबून धरी. सुटल्यावर रिक्षानं घरी जायचं आणि पिळून वाळत घातलेल्या लुगड्यासारखं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडून राहायचं. उठून चार भांडी घासेपर्यंत पुढची पाळी दारात उभी.

शेजारच्या खुर्चीवर वेडूशेठ महाजन असत, मिरचीचे जुने व्यापारी. ते म्हणत, “आठवड्यातले तीन दिवस मशीनचे, तीन दिवस मशीननं केलेल्या हालांचे. उरला एक, तो सुनेचा. तो सगळ्यांत अवघड.”

आणि तहान. दिवसाला सगळं मिळून तीन पेले. चहा, वरण, गोळीवरचा घोट, सगळं त्यातच. तहानेचं एक असतं, लागते पाण्याची पण आठवतात ठिकाणं. द्वारकाबाईंना हातपंपाची लोखंडी चव आठवे. माहेरच्या विहिरीचं, दगडाला टेकून आलेलं गार पाणी आठवे. सगळ्यांत जास्त आठवे तो अंगणवाडीतला माठ. कौतिका पाडवी रोज सकाळी तो घासून भरायची, वर ओलं फडकं बांधायची आणि मुलं यायच्या आधी पहिला पेला द्वारकाबाईंपुढे धरायची. “घ्या ताई. मग दिवसभर तुम्हाला पाणी प्यायलाही सवड नाही.”

कौतिका त्यांची मदतनीस. खिचडी शिजवायची, मुलांना घरून उचलून आणायची, त्यांची नाकं पुसायची. अठ्ठावीस वर्षं दोघींनी एकाच सतरंजीवर बसून डबा खाल्ला. मग सतरा वर्षं तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

नवी मशीनं आली तेव्हा डॉक्टर हेमांगी देसले यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

“तुमच्या अंगात रक्त साधारण चार लिटर. काढायचं असतं अडीच लिटर पाणी. ते काय सगळं रक्तात असतं? ते पायात, मांसात, कातडीखाली मुरलेलं असतं. मशीनचा हात मात्र रक्तापर्यंतच पोचतो. रक्तातलं काढलं की मांसातलं हळूहळू रक्तात झिरपतं, मग ते काढायचं. झिरपण्यापेक्षा ओढणं जास्त झालं की रक्त आटतं. दाब पडतो, गोळे येतात, हृदयाला ओढ बसते. मग मशीन मध्येच थांबवावं लागतं. म्हणजे पाणीही अंगात राहिलं आणि विषही राहिलं.”

“विहिरीगत,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“ते कसं?”

“इंजिन सरळ चालू ठेवलं की तासाभरात पाण्यातला फुटवॉल उघडा पडतो, नुसती हवा ओढतं. माझे वडील अर्धा तास चालवायचे आणि वीस मिनिटं बंद ठेवायचे. झरे भरू द्यायचे. तीच विहीर मग दिवसभर पुरायची.”

डॉक्टर हसल्या. “मला हे कळायला तीन वर्षं लागली.”

नव्या मशीनची करामत हीच होती. नळीतून जाणाऱ्या रक्तातून ते बारीक उजेड सोडी आणि रक्त किती दाट झालं ते क्षणाक्षणाला पाही. पोटरीला एक पातळ पट्टी लावत, तिच्यावरून मांसात किती ओल आहे ते कळे. प्रत्येकाचे झरे वेगळे. कोणाचे सुरुवातीला जोरात भरतात, कोणाचे उशिरा जागे होतात. पहिली बारा डायलिसिस होईपर्यंत मशीन माणसाला नीट न्याहाळी आणि मग त्याच्यापुरती उपशाची रेघ आखी. इथे जोरात, इथे हळू, इथे दहा मिनिटं थांब. त्यासाठी दर वेळी सुरुवातीला ते स्वच्छ मराठीत विचारी, “मागच्या वेळेपासून काय काय प्यायलात, आणि केव्हा?” कारण परवा प्यायलेलं पाणी मांसात मुरलेलं असतं आणि सकाळी प्यायलेलं अजून पोटातून रक्ताकडे वाटेवर असतं. दोन्ही एकाच ओढीनं निघत नाहीत.

मशीनला गारवा लागे, धूळ चालत नसे, म्हणून त्याच्यासाठी नवा एसी बसवला. वेडूशेठनी लगेच नाव ठेवलं, जावईबापू. “दोन वर्षं आम्ही घामानं भिजलो तेव्हा कोणाला एसी सुचला नाही.”

सगळं चांगलंच होतं. पण “बारा वेळा मशीन तुम्हाला बघणार” एवढं कानावर पडलं आणि द्वारकाबाईंच्या अंगातली सेविका जागी झाली.

तपासणी कशी निभवायची हे त्यांच्या हाडीमासी खिळलं होतं. मुख्यसेविका येणार म्हटलं की आदल्या दिवशी भिंतीवर नवे तक्ते, पोरांच्या डोक्याला तेल, शेजारच्या गावातून आणलेली खेळणी. रजिस्टरात रोजच्या खिचडीचे आकडे एकाच हातानं, एकाच पेनानं, सारखे वाटून भरलेले. आणि ज्या मुलाचं वजन कुपोषणाच्या रेषेखाली, ते अलगद रेषेवर सरकवलेलं. यात त्यांना कधी खोटं वाटलं नाही. वरची ओरड वाचली म्हणजे पोरांचंच भलं, असं त्या धरून चालत.

तर बारा डायलिसिस त्यांनी तपासणीसारखी काढली. दोन दिवस जवळजवळ कोरडे. लवंग तोंडात धरायची, ओला रुमाल ओठांवर. मात्र पाळीच्या सकाळी सहाला धीर सुटे. एक भरला तांब्या आणि दोन कप चहा एका दमात. मशीन काढणारच आहे, मग काय हरकत? आणि मशीननं विचारलं की त्या सांगत, “मंगळवारी दोन पेले, बुधवारी अडीच. थोडं थोडं करून.” आकडे कसे, खिचडीच्या रजिस्टरासारखे.

मशीननं ते खरं मानलं. सकाळचं पाणी पोटातून रक्तात उतरे, म्हणून पहिले दोन तास रक्त आटतच नसे. मशीनला वाटे, या बाईंचे झरे फार जोरकस. त्यानं रेघ आखली ती सुरुवातीलाच जोरात उतरणारी. गंमत अशी की ती रेघ लागूही पडली. गोळे थांबले. बाराव्या वेळेनंतर द्वारकाबाई रिक्षा न करता चालत घरी गेल्या आणि वाटेत अर्धा किलो सफरचंदं घेतली.

“ताई, बघा कशा टवटवीत दिसताय,” नसीम कौतुकानं म्हणाली.

“शिस्त लागते,” द्वारकाबाई म्हणाल्या.

वेडूशेठ कुरकुरले, “मास्तरीणच ती. पहिला नंबर येणारच.”

त्याच आठवड्यात फोन आला. कौतिकाची मुलगी सुरमी बोलत होती, तोरणमाळच्याही पलीकडच्या पाड्यावरून. “ताई, आई आता उठत नाही. सारखी विचारते, ताई कधी येणार. म्हटलं कळवावं.”

द्वारकाबाईंनी बराच वेळ फोन कानाशीच धरला होता.

२०२२ साली सुरमी बाळंतपणानंतर आईकडे राहत होती. तिची मोगी दीड वर्षाची. वजनाच्या दिवशी कौतिकानं झोळी काट्याला अडकवली आणि द्वारकाबाईंनी आकडा वाचला, सहा किलो चारशे. उपचार केंद्रात पाठवायचं वजन. दोन दिवसांवर तपासणी. त्या महिन्यात आधीच तीन मुलं रेषेखाली होती. द्वारकाबाईंनी लिहिलं, सात किलो दोनशे. कौतिका काट्याजवळच उभी होती. म्हणाली काहीच नाही. बारा दिवसांनी मोगीला हगवण लागली आणि बावीस दिवस ती जिल्ह्याच्या दवाखान्यात सलाईनवर पडून होती. वाचली. कौतिकानं काम सोडलं आणि मुलगी-नातीला घेऊन डोंगरात निघून गेली.

द्वारकाबाई जायचं म्हणत राहिल्या. आधी लाज होती, मग वर्षं साठली, मग आजार आला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवत नसे, तिथे सातपुड्याचा घाट कोण चढणार? आता मात्र अंगात बळ होतं. शनिवारी डायलिसिस झालं की रविवारी सकाळी निघायचं, असं त्यांनी ठरवलं. जीपवाल्याला सांगितलं. सुरमीला कळवलं.

शनिवारी सकाळी प्रवासाला अंग हलकं असावं म्हणून त्या एक घोटही पाणी न पिता केंद्रात गेल्या.

मशीननं शिकल्याप्रमाणे जोरात उपसा सुरू केला. पण आज पोटात तांब्या नव्हता आणि मांसातले खरे झरे सावकाशीचे होते. सव्वा तासात द्वारकाबाईंना समोरची भिंत पांढरी होताना दिसली. मशीननं धोका ओळखला आणि आपणहून थांबलं, पण तोवर दाब साठावर आला होता. नसीमनं खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले, काढलेलं पाणी सलाईननं परत चढवलं. डायलिसिस अर्ध्यातच सुटलं. हृदयाचे ठोके दिवसभर वेडेवाकडे पडत राहिले.

रविवारी त्या सुजलेले पाय उशीवर ठेवून पडून होत्या. दुपारी सुरमीनं फोनवर विचारलं, “कुठवर आल्या ताई? आईनं सकाळपासून अंगणात गोधडी घालायला लावलीय.”

मंगळवारी नसीमनं मशीनच्या पडद्यावर तेरा रेघा एकाखाली एक लावल्या होत्या.

“ताई, इथे बसा. बारा वेळा एक बाई दिसते आणि तेराव्या वेळी दुसरीच. मशीननं चूक केलेली नाही. सकाळी काय पीत होता तुम्ही?”

द्वारकाबाईंनी पदर सारखा केला. “कधी कधी थोडं...”

“ताई.”

“तांब्याभर. आणि चहा. दर वेळी.”

नसीम रागावली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली. “माझ्यापासून कशाला लपवलं? मी काय तुमची बदली करणार होते?”

“तू नाही गं. मला दुसरं काही येतच नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या. “कोणी वही घेऊन समोर बसलं की मी बरं तेच सांगते. चाळीस वर्षं तेच केलंय.”

शेजारून वेडूशेठ खाकरले. “नसीमबाई, आता विषय निघालाच आहे तर लिहून घ्या. माझं रोजचं एक भांडं ताक आहे. सुनेला सांगू नका.”

जुनी रेघ पुसावी लागली. पुन्हा बारा डायलिसिस, म्हणजे चार आठवडे. घाई चालणार नाही, डॉक्टरांनी बजावलं, तोवर मशीन हळू चालेल आणि घाट चढण्याचं नाव काढायचं नाही.

“तिकडे वाट बघतायत माझी.”

“म्हणून तर सांगते. पोचायचं असेल तर नीट शिकू द्या त्याला.”

सुरमीला फोन केला तर ती म्हणाली, “बरं. पण आई आता दिवसातून थोडाच वेळ जागी असते.”

ते चार आठवडे द्वारकाबाईंना पुढे जन्मभर आठवत राहिले. मशीन विचारी आणि त्या सांगत. “रविवारी चहा दोन कप, एक माझा आणि एक शेजारणीकडे, तिला नाही म्हणवत नाही. दुपारी तीनला पाऊण पेला पाणी. साडेतीनला परत अर्धा, लपून.” एकटीच्या घरात लपून कोणापासून, हा प्रश्न मशीननं विचारला नाही. त्यानं वेळ तेवढी नोंदवून घेतली. कधी कधी त्या उगाच जास्त सांगत. दुपारी तीनला तहान का लागते, तर तीनला मुलं घरी जायची आणि कौतिका उरलेलं पाणी तुळशीला घालायची, हेही सांगून टाकत. मशीन म्हणे, “धन्यवाद. प्रमाण सांगा.”

दोनदा गोळे आले. एकदा पाणी कमी निघालं म्हणून तास वाढवावा लागला. पण हळूहळू नवी रेघ उमटली. ती सुरुवातीला जवळजवळ सपाट होती. दुसऱ्या तासाला जरा उतरे, मग दहा मिनिटं थांबे, आणि शेवटाकडे पुन्हा हळूच खाली. आता सुटताना अंग जड नसे आणि रितंही नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई सहज उठून बसत.

दर दोन दिवसांनी त्या सुरमीला फोन करत आणि “आहे ना?” एवढंच विचारत.

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी त्या निघाल्या. घाटात जीप वळणं घेत होती आणि द्वारकाबाई दांडी धरून बसल्या होत्या. तोरणमाळच्या पुढे रस्ता कच्चा. शेवटचा उतार त्या पायी उतरल्या, दोनदा दगडावर बसून.

अंगणात गोधडी घातलेली होती आणि तिच्यावर कौतिका, पाखराएवढी झालेली. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं.

“ताई, किती म्हाताऱ्या झाल्या तुम्ही.”

“आणि तू काय तरणी राहिलीस?”

“मी मरायला टेकलेय. माझं सोडा.”

द्वारकाबाई तिच्याशेजारी बसल्या. जीपमध्ये वाटभर जुळवलेलं वाक्य तोंडात फिरेना. शेवटी त्या म्हणाल्या, “सहा चारशे होती. मी सात दोनशे लिहिलं.”

“मला काय सांगता? काटा मीच धरला होता.”

“मग तेव्हा का नाही बोललीस?”

कौतिकानं गोधडीची कड सारखी केली. “तुम्ही सेविका, मी मदतनीस. मला वाटलं, ताई लिहितात म्हणजे त्यात काही असेल.” मग म्हणाली, “त्याचा राग दोन वर्षांत गेला, पोरगी चालायला लागली तेव्हा. पंधरा वर्षं राग होता तो तुम्ही आल्या नाहीत त्याचा. दर बाजाराच्या दिवशी जीप यायची. मी बघायची.”

द्वारकाबाईंनी कौतिकाचा हात मांडीवर घेतला.

घरातून एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. ठेंगणी, चपळ, कपाळ कौतिकासारखं रुंद. “ही मोगी,” सुरमीनं सांगितलं. कौतिकानं तांब्या घेतला आणि द्वारकाबाईंपुढे धरला.

“घ्या ताई.”

“आई, त्यांना पाणी चालत नाही,” सुरमी म्हणाली.

“घ्या,” कौतिका म्हणाली.

द्वारकाबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि सगळा प्यायल्या. झऱ्याचं पाणी होतं, दात शिवशिवतील असं. दोन वर्षांत त्या एवढं पाणी कोणाच्या देखत प्यायल्या नव्हत्या. मग दोघी जणी दुपारभर बोलत बसल्या. कोणत्या मुलाचं काय झालं, कोणाचं लग्न, कोण कुठे गेलं. तीनच्या सुमारास कौतिका बोलता बोलता झोपली. द्वारकाबाई जीपवाला हाक मारेपर्यंत तिथेच बसून होत्या.

मंगळवारी मशीननं विचारलं.

“रविवारी सकाळी अकरा वाजता एक तांब्या,” द्वारकाबाई म्हणाल्या. “भरून. परत गेले तर परत पिणार आहे, तेही धरून ठेव.”

नसीमनं मान वळवून पाहिलं. मशीननं वेळ पंचवीस मिनिटांनी वाढवला आणि सावकाश उपसायला लागलं.

कौतिका पुढच्या होळीनंतर चार दिवसांनी गेली. तोवर द्वारकाबाई आणखी सहा रविवार वर जाऊन आल्या होत्या.

वेडूशेठना त्यांच्या धाकट्या बहिणीनं मूत्रपिंड दिलं. बरे झाल्यावर ते महिन्यातून एकदा केंद्रात गप्पा मारायला येत, पण बाकीच्यांसमोर पाणी त्यांनी कधी मागितलं नाही. अक्कलकुव्याच्या नव्या केंद्रात तंत्रज्ञांना शिकवायला नसीमला बोलावलं आणि ती तिथेच राहिली. तिची मोठी मुलगी डॉक्टर व्हायच्या मार्गावर आहे. मोगी पोलीस भरतीला गेली होती. धावण्यात सगळ्यांच्या पुढे आली आणि उंचीत दीड सेंटिमीटरनं राहिली. आता ती वनखात्याच्या रोपवाटिकेत काम करते. उंचीची बातमी कळली तेव्हा द्वारकाबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत.

२०४२ साली तोरणमाळच्या दवाखान्यातही दोन मशीनं चढवली. कौतिकाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. द्वारकाबाईंनी शहाद्यातल्या खोल्या सोडल्या आणि सुरमीच्या ओसरीवर खाट टाकली. तिथे त्या आणखी तीन वर्षं जगल्या.

पहिल्या दिवशी तिथल्या सिस्टरनं नाव, गाव, वय लिहून घेतलं आणि सहज विचारलं, “आजी, खाली सगळं असताना एवढ्या वर कशाला आलात? इथे कोण आहे तुमचं?”

अठ्ठावीस वर्षं प्रत्येक कागदावर द्वारकाबाईंनी कौतिकाच्या नावापुढे मदतनीस असंच लिहिलं होतं.

“माझी मैत्रीण असते इथे,” त्या म्हणाल्या आणि सुईसाठी हात पुढे केला.